लढाईपुरती

बदलापूरच्या कात्रपवर एकही बॉम्ब पडला नाही. महायुद्धाच्या कुठल्याही नकाशावर कुळगाव नाही, बदलापूर नाही. उल्हास नदीच्या अंगाने पसरलेली भातखाचरं, पाठीशी चंदेरीचा डोंगर, त्याच रांगेत पुढे मलंगगड, आणि कर्जतकडून घाट उतरून येणारी गाडी, एवढाच इथला पसारा. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मन रणगाडे पोलंडमध्ये शिरले तेव्हा इथलं भात पोटरीला आलं असेल. बांधावर उभ्या माणसाला हिटलर कोण ते ठाऊक नव्हतं. हिटलरला भात पोटरीला येणं म्हणजे काय, ते ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. दोघांची कधी गाठ पडावी असं वरवर पाहता काहीच नव्हतं. पण पडली.

मला शोक करायचाय तो त्या गाठीचा. तिरडी नसलेला शोक आहे हा. गेलेल्याचं नाव सांगता येत नाही, तिथी सांगता येत नाही, कुणाच्या दारी जाऊन बसावं तेही कळत नाही.

शाळेत ‘दुसऱ्या महायुद्धाची कारणे लिहा’ हा प्रश्न हमखास यायचा. व्हर्सायचा अपमानकारक तह, जागतिक मंदी, राष्ट्रसंघाचा दुबळेपणा, हुकूमशहांचा उदय, चेंबरलेनचं बोटचेपं धोरण. मुद्द्याला एक गुण. त्याच्याच खाली ‘परिणाम’: संयुक्त राष्ट्रसंघ, अणुबॉम्ब, शीतयुद्ध, वसाहतींचं स्वातंत्र्य. आम्ही घोकलं, लिहिलं, पास झालो. बदलापूरहून लोकल धरली की अंबरनाथ सुटल्यावर दोन्ही बाजूंना जे शहर लागतं, ते शहरच्या शहर या ‘परिणाम’ सदरात मोडतं, हे ना पुस्तकात होतं ना मास्तरांच्या तोंडी. उल्हासनगर आमच्या लेखी म्हणजे स्वस्त कापड, फर्निचर आणि लग्नाचा बस्ता.

इथवर पोचलेलं कारण व्हर्सायचं नव्हतं, तेलाचं होतं. जपान चीनमध्ये रुतलं होतं आणि त्याची जहाजं, विमानं परक्या तेलावर चालत होती. १९४१ च्या उन्हाळ्यात जपानी फौजा इंडोचीनच्या दक्षिणेत उतरल्या, तसं अमेरिकेने तेल तोडलं. जावा-सुमात्राच्या विहिरी ताब्यात घ्यायच्या तर आधी अमेरिकेचं आरमार लुळं करायला हवं, म्हणून पर्ल हार्बर. मग एकामागून एक बुरूज ढासळले. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर, मार्चमध्ये रंगून. हिंदुस्थानला व्हाइसरॉय लिनलिथगोने ३ सप्टेंबर १९३९ लाच, इथल्या कुणालाही न विचारता, लढाईत ओढून ठेवलं होतं. त्याच्या निषेधात प्रांतोप्रांतीची काँग्रेस मंत्रिमंडळं बाहेर पडली, मुंबईचं बाळासाहेब खेरांचंही. तोवर लढाई वर्तमानपत्रातली होती. रंगून पडल्यावर ती उंबऱ्यात आली.

मुंबई बंदरात आगबोटी फौजा उतरवत होत्या. ही माणसं ठेवायची कुठे? बंदरापासून जवळ हवी, पण बंदरावर हल्ला झाला तर धग लागू नये इतकी लांबही हवी. पाणी हवं. रेल्वे हवी. कल्याणला रेल्वेचा एक फाटा कसाऱ्याच्या घाटाने वर जातो, दुसरा कर्जतच्या घाटाने पुण्याकडे. नदी बारमाही. सपाट जमीन पुष्कळ, आणि ती कसणारा माणूस साहेबापुढे हात जोडणारा. असा तो कल्याण कॅम्प उभा राहिला: सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसं राहतील एवढा, दोन हजारांवर बराकींचा. लांबलचक दालन, दोन्ही टोकांना खोल्या. बांधतानाच ठरलेलं होतं की हे टिकायचं नाही, लढाई संपेस्तोवर उभं राहिलं म्हणजे झालं.

मलंगगडाच्या वाटेवर, नेवाळी, भाल, द्वारलीच्या शिवारात, विमानांसाठी धावपट्टी हवी होती. खाचरांचे बांध मोडले, जमीन एका पातळीत आणली. भाताच्या शेताला बांध म्हणजे काय, ते भात लावणाऱ्यालाच ठाऊक. पिढ्यान्‌पिढ्या हाताने लिंपून, खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवून, पाणी किती अडवायचं आणि किती सोडायचं याचा हिशोब त्या मातीत जिरलेला असतो. असला बांध सरकारी दप्तरात नोंदवायला रकाना नसतो. तिथे नोंद होते ती एकरांची.

*

माझ्या आजीच्या डब्यात एक भोकाचा पैसा होता. तो अजून आहे. बांगडीसारखा गोल, मधोमध एवढं मोठं भोक की करंगळीचं टोक आत जावं. लहानपणी आम्हाला वाटायचं, मुलांच्या करदोट्यात ओवता यावा म्हणूनच सरकारने तो असा पाडला असावा. खूप पुढे कळलं, १९४३ साली हा पैसा निघाला तेव्हा धातू लढाईला लागत होता, म्हणून नाण्याच्या मधलाच भाग काढून घेतला. काढलेली ती पितळी-तांबडी चकती कुठल्या काडतुसात गेली, ते काडतूस इंफाळला फुटलं की इटलीत, कोण सांगणार? गरिबाच्या पैशातून मधली चकती काढून घ्यायची आणि उरलेल्या कड्याची किंमत तीच ठेवायची, याहून सरळ पद्धतीने लढाईचा खर्च कुणी मांडलेला मला माहीत नाही. मी तो पैसा डोळ्याला लावून मलंगगडाकडे पाहतो कधी कधी. बरोबर मावतो.

भाताचंही तेच झालं. मुंबई ब्रह्मदेशचा तांदूळ खात होती. रंगून गेलं, तांदूळ गेला. बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात तीसेक लाख माणसं उपासाने आणि त्यामागून आलेल्या रोगांनी मेली. मुंबईत त्याच वर्षीच्या मे महिन्यात रेशनिंग सुरू झालं. रेशनकार्ड नावाची वस्तू आपल्या घरात शिरली ती तेव्हा, लढाईपुरती. आज कात्रपच्या रेशन दुकानापुढे अंगठा मशीनवर टेकवायला उभ्या असलेल्या बायकांना कुणी सांगितलं की ही रांग सिंगापूर पडलं तेव्हापासूनची आहे, तर त्या हसतील. आधी सर्व्हर चालू कर म्हणतील.

*

याच डोंगरांनी त्या लढाईला नकारही दिला. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, भाई कोतवाल. शिकून वकील झालेला माणूस. मुरबाड-कर्जत भागातल्या कुळांसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या होत्या, पावसाळ्यात सावकाराच्या दारात जाऊन पायली-दोन पायलीला दीडपट लिहून द्यायला लागू नये म्हणून. बेचाळीसच्या ऑगस्टनंतर ते भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. हे काम साधं नव्हे. रात्री करवती आणि अवजारं घेऊन रानात शिरायचं, लोखंडाचे पाय कापायचे, आणि तो अजस्र सांगाडा कोसळायच्या आत बाजूला व्हायचं. मनोरा पडला की वीज गेली, आणि वीज गेली की लढाईचा माल काढणारे मुंबईचे कारखाने थांबले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला घेरलं. हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथेच पडले. भाईंनी नुकती तिशी पुरी केली होती.

आणि याच सह्याद्रीच्या पायथ्याला, तेव्हाच्या कोलाबा जिल्ह्यातल्या माणगावच्या बाजूला, पळसगाव नावाचं गाव आहे. तिथला यशवंत घाडगे हा मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक होता. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्याच्या तुकडीवर समोरून मशीनगन सुरू झाली. तो सोडून सगळे पडले किंवा जखमी झाले. तो एकटा धावला, ग्रेनेड टाकला, गोळ्या झाडल्या, आणि गोळ्या बदलायला उसंत नव्हती म्हणून बंदुकीच्या दस्त्याने शेवटचे दोघे मारले. मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपला. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. नाव कसिनोच्या स्मारकावर आहे, पुतळा माणगावात आहे. कात्रपच्या सोसायट्यांत माणगाव-महाडकडची घरं खूप. गणपतीला गावी जाताना एसटी त्या पुतळ्याजवळून जाते आणि कुणीतरी झोपेतून उठून विचारतं, माणगाव आलं का?

एक इंग्रजांची वीज तोडताना मेला, दुसरा इंग्रजांच्या फौजेत लढताना. मध्ये दीड वर्ष. या दोघांना एका ओळीत बसवायला लोक कचरतात. एकाची जयंती होते तिथे दुसऱ्याचं नाव निघत नाही, आणि दुसऱ्याला सलामी देतात तिथे पहिल्याचं. मला हा सोवळेपणा पटत नाही. घाडगे कुणाच्या साम्राज्यासाठी लढला, असं कोरडेपणाने विचारणाऱ्याने आधी पळसगावात तेव्हा पोटाला काय होतं ते विचारावं. पंचवीस लाख हिंदी माणसं त्या फौजेत होती, त्यांतली सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास परत आली नाहीत. त्यातल्या किती जणांना पगार लढाईत घेऊन गेला आणि किती जणांना निष्ठा, ते आता कोण निवडून दाखवणार? भुकेसाठी गेलेल्याचाही शोक करावा लागतो. भुकेविरुद्ध कोठ्या बांधणाऱ्याचाही. इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ साली घाडग्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं, त्यावर लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. ते वाचल्यावर मला एक वेगळीच गोष्ट आठवली. १ सप्टेंबर १९४२ ला सरकारने लढाईसाठी साऱ्या हिंदुस्थानची घड्याळं तासभर पुढे केली होती. गाड्या तासभर आधी सुटू लागल्या. गिरणीचा भोंगा अंधारात वाजायला लागला. १५ ऑक्टोबर १९४५ ला तो तास परत दिला.

लढाईपुरतं म्हणून जे जे नेलं, त्यातला तेवढा एक तास बिनबोभाट परत आला.

*

लढाई संपली तेव्हा बराकी रिकाम्या झाल्या. ओस पडलेल्या, दारं-खिडक्या निघालेल्या. त्या पाडायला हव्या होत्या, नाहीतरी टिकायला बांधलेल्या नव्हत्याच. पण जिंकलेला इंग्रज कर्जात बुडाला होता, त्याला इथून निघायची घाई झाली होती. जून १९४८ ची मुदत त्याने ऑगस्ट १९४७ वर आणली आणि त्या घाईत देशाची फाळणी उरकली. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली. सिंधी कुटुंबं मिळेल त्या बोटीने मुंबईच्या धक्क्यावर उतरू लागली. कुलपं लावून, किल्ल्या कमरेला खोचून आली होती, कारण हेही तात्पुरतंच होतं ना? दंगा शमला की परत जायचं. त्यांना गाड्यांत घालून कल्याण कॅम्पात आणलं. सुमारे एक लाख माणसं, लष्करी बराकीत.

सैनिकांसाठी केलेल्या त्या लांब दालनात गोणपाटाचे पडदे लावून संसार मांडले. पडद्याच्या अलीकडे बाळंतपण, पलीकडे म्हातारा खोकतोय. हैदराबाद सिंधमधल्या हवेलीतली बाई नळावर बादली घेऊन रांगेत. कुणी पापड लाटले, कुणी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकली. मुंबई-कल्याणच्या मराठी माणसाने तेव्हा त्यांना ‘निर्वासित’ म्हणून नाकं मुरडली, आणि त्यांच्याकडूनच चार आणे स्वस्त मिळतं म्हणून खरेदीही केली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारींनी त्या वस्तीला उल्हासनगर असं नाव दिलं. जी नदी बघून साहेबाने तिथे छावणी घातली, तिचंच नाव. कॅम्प एक ते पाच मात्र लोकांच्या तोंडून गेले नाहीत. आजही रिक्षावाला विचारतो, कुठला कॅम्प? तिथल्या एका कापडबाजाराला जपानी बाजार म्हणतात. जपानशी लढायला घातलेल्या छावणीत! इतिहासाला विनोदबुद्धी असते असं कुणी म्हटलं की मला राग येतो, पण या जपानी बाजारात शिरलो की मीही हसतो.

त्या बराकी आता शोधाव्या लागतात. एखादं कौलारू छप्पर, एखादी जाड भिंत, तिच्यावर चढवलेले तीन मजले. वालधुनी नदीला जीन्स धुणाऱ्या कारखान्यांनी निळं केलं. कुलपांच्या किल्ल्या घेऊन आलेली पिढी संपली. सिंधमधल्या घरांचा शोक करणारं आता घरात कुणी नाही. नातवंडांना तिथली भाषाही धड येत नाही, ती मराठी-हिंदी बोलतात, आणि कॅनडाला जातात. सिंधूकाठी वाटलेलं कायमचं होतं, ते तात्पुरतं निघालं. इथलं तात्पुरतं कायमचं झालं.

अंबरनाथला पुढे आयुधांचा कारखाना आला. आमच्या भागात तो ‘ऑर्डनन्स’. कात्रपमध्ये ऑर्डनन्समधून निवृत्त झालेल्यांची घरं आहेत, शिस्तीची माणसं, संध्याकाळी कट्ट्यावर वेळेवर बसणारी. आयुष्यभर काडतुसाचं पितळ केलं, पण मुलांची शिक्षणं झाली, घरं झाली. पुढच्या लढाईची तयारी ही मागच्या लढाईच्या परिणामांत धरायची की पुढच्याच्या कारणांत, ते परीक्षेत कुणी विचारलं नाही म्हणून बरं. २०२२ च्या फेब्रुवारीत रशिया युक्रेनमध्ये घुसला आणि आमच्या वाण्याकडे सूर्यफुलाचं तेल भडकलं. कट्ट्यावर दोन दिवस चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी पाणी का येत नाही यावर.

*

नेवाळीची जमीन मात्र परत आली नाही.

धावपट्टीची गरज १९४५ लाच संपली. इंग्रज गेले, कागद संरक्षण खात्याकडे गेले, पुढे नौदलाकडे. सोळाशेहून जास्त एकरांचा हा प्रश्न, असं वर्तमानपत्रं सांगतात. शेतकऱ्यांचं म्हणणं, जमीन लढाईपुरती घेतली, लढाई संपल्यावर द्यायची होती. सरकारचं म्हणणं, ती रीतसर संपादित झालेली आहे, आमच्या मालकीची आहे. मधल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत लोक तिथे पेरत राहिले. सरकारच्या दृष्टीने ते अतिक्रमण, त्यांच्या दृष्टीने मृग लागला म्हणून करायचं काम. २०१७ साली नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली. २२ जून, ऐन पेरणीचे दिवस. गावं रस्त्यावर आली, गाड्या पेटल्या, दगड उडाले, पोलिसांनी छऱ्याच्या बंदुका चालवल्या. शेतकरी जखमी झाले, पोलीसही. आमच्याकडे त्या दिवशी एवढंच बोललं गेलं की नेवाळी नाका बंद आहे, कल्याणला रस्त्याने जाऊ नका.

मला त्या जाळपोळीचं समर्थन करायचं नाही. ज्या पोलिसाचं डोकं फुटलं तोही कुठल्याशा गावच्या शेतकऱ्याचाच मुलगा असणार. पण रंगून पडलं त्या १९४२ मध्ये जन्मलेला माणूस त्या वर्षी पंचाहत्तर वर्षांचा होता. महायुद्धाचे म्हणून जे शेवटचे जखमी मोजायचे, ते मला वाटतं बर्लिनमध्ये नाहीत, हिरोशिमातही नाहीत. पाठीत छरे घेऊन ते त्या दिवशी ठाणे जिल्ह्यातल्या दवाखान्यात पालथे झोपले होते.

पावसाळा सरत आला की तिकडच्या बायका कात्रपच्या नाक्यावर भाजी घेऊन बसतात. भेंडी, काकड्या, शिराळी, अळू. त्यांतल्या एका म्हाताऱ्या मावशीकडून मी नेहमी घेतो. ती भालची. एकदा धीर करून जमिनीचं विचारलं.

“आजेसासऱ्यांची,” म्हणाली. “लरायपुरती नेल्ती. लराई संपली का परत, असं सांगलं व्हतं त्यांना.”

“कुणी सांगितलं होतं?”

“सायबानं.”

“मग आता मिळेल का?”

तिने भेंडी पारड्यात टाकली, एक जून निघाली ती बाजूला काढली, आणि माझ्या मागच्या सात मजली बिल्डिंगकडे हनुवटीने खूण केली. “तुमी रहाता ती जागा पन कोनाची तरी व्हतीच ना? तो मागाला येतो का?”

मी म्हटलं, मावशी, ती विकत घेतलेली आहे. बिल्डरने घेतली, आम्ही बिल्डरकडून. सगळे कागद आहेत.

“कागद त्यांच्याकडंबी हायेत,” ती म्हणाली, आणि सुटे पैसे मागितले.